पाऊणपट

माघ वद्य पंचमी.
"पंचमीची पाऊणपट पावणेचार," शालन धक्क्यावरच म्हणाली,
"पावणेचाराक पाणी फिरतला."
मी घाटावरचा. चौतीस वर्षं बँकेत
लोकांच्या व्याजाचे गुणाकार केले,
पण भरतीसाठी तिथीला गुणतात
हे ठाऊक नव्हतं.

होडी सागव्याच्या कासमभाईंकडून घेतली,
निवृत्तीच्या पैशांतून, भावाला न सांगता.
नाळेवर हिरव्या अक्षरांत 'सफीना'.
नाव बदलू या का, विचारलं,
तर म्हणाली, लग्नात माझं बदललंत तेवढं बास.
आणि फाटक्या शिडाला ठिगळं लावायला
तीन दुपारी मशीनवर बसली.
एक ठिगळ माझ्या लेंग्याचं आहे, वरच्या टोकाला.

विजयदुर्गाहून खारेपाटणला जायचं,
खाडीनं आत आत, शिडावर, मोटार न लावता,
एवढाच बेत. या वयात लोक काशीला जातात.
दुपारचा वारा पाठीशी होता.
किल्ला मागे पडला, कांदळवन जवळ आलं,
मी सुकाणूवर ताठ,
फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखा.

मग पाणी फिरलं. पावणेचारला.
वारा आहे तोवर जाऊ, मी म्हटलं.
ती पाण्याकडे बघत होती,
बाजारात माशाचे कल्ले उघडून बघते तशी.
"थंय नुको. पाणी पातळ दिसता."
मला सगळं पाणी सारखंच दिसत होतं.

सव्वापाचला सफीना थांबली,
खालून कुणी पदर धरावा तशी.

तासाभरात आम्ही वाळूच्या टेकाडावर,
एका अंगाला कललेले,
चहूकडे चिखल, वर उगाच उघडं शीड.
पुन्हा तरंगायला रात्रीचे अडीच, तिनं हिशेब सांगितला.
सांगितलं होतं ना, असं मात्र म्हणाली नाही.
ते जास्त लागलं.

साडी खोचून उतरली. डब्याच्या झाकणानं वाळू उकरून
मुळे काढले, दोन ओंजळी.
घरी या खोलीतून त्या खोलीत जाताना
भिंत धरून चालते, गुडघ्यांचं नाव घेत.
इथं चिखलातून गेली
अंगण ओलांडावं तशी.

अंधार. थर्मासातला चहा, गार घावणे, डास.
चंद्र साडेदहाशिवाय नाही.
छत्तीस वर्षांत आम्ही नऊ तास
काहीही न करता शेजारी बसलो नव्हतो.
एकदाच, मिरजेच्या इस्पितळात, बाहेरच्या बाकावर,
आणि त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

ती आपणहून बोलू लागली.
बापाच्या होडीला तिचंच नाव होतं, जान्हवी.
दोन वर्षांची होती तेव्हा सोमा तांडेलानं
स्वतःच्या हातानं रंगवलेलं.
पण बाईमाणसानं होडीत पाय ठेवायचा नाही.
ती धक्क्यावर उभी राहून बघायची
आपलं नाव लांब लांब जाताना.
वारा, तिथी, वाळूची जागा, सगळं
पुरुषांची पानं वाढताना कानावर पडलेलं.
अठ्ठावन्न वर्षं.
आज पहिल्यांदा.

मी काही बोललो नाही.
बोलायला हवं होतं का, अजून ठरत नाही.

अडीचला नाही, दोन पस्तीसला
तळाखाली काहीतरी सैलावलं.
डोंगरावरून मतलई सुटली होती, गार.
म्हणजे खारेपाटण राहिलं,
वारा घराकडचा.
मी सुकाणूवरून सरकलो.
ती येऊन बसली, काही न विचारता.
"जान्हवी," मी हळूच म्हणून पाहिलं.
"दोर सोडा वायच," ती म्हणाली, "आणि फुडे बघा."

पुढे काळं पाणी होतं, मला सगळं सारखंच.
डब्यात मुळे एकमेकांवर वाजत होते,
आणि वर, टोकाला, चंद्राच्या उजेडात
माझ्या लेंग्याचं ठिगळ
वाऱ्यानं टच्च भरलं.