पट्टा सैल होता

कोशित्सेत, आमच्या इमारतीच्या तळघरात,
बॉयलरच्या पाठीमागे ऊब उरायची
तेवढ्यात चौघं मावायचे.
लुडोविट उभा, कारण खुर्च्या तीनच.
बँडचं नाव ओलं मीठ.
का, ते आम्ही विचारलं नाही.
तेव्हा विचारणाऱ्यांचा भरवसा नसे.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात सात गाणी टेपवर घेतली, एका दमात.
तिसऱ्यात पाइप ठोकल्याचा आवाज आहे:
वरच्या हव्रिलोवाबाई, झोपमोड झाली म्हणून.

नकला काढायचं काम माझं.
उसनं मशीन वाजवायचं, मावशीचं उतरवून घ्यायचं.
खिडकीला घोंगडी लावून मी रात्रभर रिळं बघत बसायचे.
उसन्याचा रबरी पट्टा सैल होता.
गाणं रेंगाळायचं,
लुडोविटचा आवाज असा खाली जायचा
की जणू तो विहिरीच्या पायऱ्या उतरतोय.
मला कळलं होतं. बोलले नाही.
पट्टा कुठे मिळणार, आणि माणसं दारात उभी.

नकलेची नक्कल, तिची नक्कल,
ब्रनोला गेली, ल्विवला,
पिठाच्या पिशवीतून बुडापेस्टला.

इकडे ड्रमवाला लष्करात गेला.
दुसरा लग्न करून पोप्रादला.
तिसऱ्याचे कान पोलादाच्या कारखान्यानं खाल्ले,
तरी तोच सगळ्यात बरा वाजवायचा.
लुडोविट एका मंगळवारी चौकशीला गेला.
परत आल्यावर नुसती गिटार जुळवत बसे.
मग इम्रिखची बहीण वालेरिया गाऊ लागली.
शब्द तिला अर्धेच ठाऊक.

नव्वदमध्ये पहिलं खरं स्टेज.
त्यांनी गाणं धरलं, जसं होतं तसं, भरधाव.
समोरचे दोन हजार लोक
दुसरंच काहीतरी म्हणत होते,
संथ, खोल, प्रत्येक ओळीशी थांबत.
वालेरियानं इम्रिखकडे पाहिलं.
त्यानं बेसची एक तार लांबवली
आणि बँड मुकाट्यानं गर्दीच्या मागून चालू लागला.

लिहिणाऱ्यांनी याला पुढे
'दुसरा कालखंड' म्हटलं.
दुःख पिकलं, वगैरे.

मूळ चौघांतला आता इम्रिख तेवढा.
बसून वाजवतो. खुर्च्या हव्या तितक्या.
ड्रमवर नववी, एक पोरगी, निळ्या केसांची.

परवा सगळे गेल्यावर सांगून टाकलं:
पट्टा सैल होता, इम्रिख.

तो बराच वेळ वायर गुंडाळत राहिला.
"आहे का अजून?"
"बिस्किटांच्या डब्यात. हात लावला की भुगा होतो."
"असू दे."

मग बुटाच्या टोकानं त्यानं ताल धरला,
तळघरातला, भरधाव,
झाडूवाला येईपर्यंत.