सामायिक

गल्लीत जेसीबी शिरेना, म्हणून चार बिगारी आले घण घेऊन.
सकाळी साडेआठला पहिला घाव पडला
आणि माझ्या मांडणीतली पातेली
एकमेकींना काहीतरी सांगू लागली.

कोपरखैरणे, सेक्टर सहा, माथाडींची ओळ.
सिडकोने घरं दिली तेव्हा एकाच भिंतीला
दोन संसार टेकवून दिले होते.
अलीकडे आम्ही, पलीकडे चिकणे.
कागदावर भिंतीचं नाव 'सामायिक'.
तीस वर्षं तो शब्द कुणी वाचला नव्हता.
आता सगळे वाचतात.

विक्रांतचं लग्न ठरलंय, दोन मजले चढवायचेत,
त्यात कुणाच्या पोटात दुखायचं काय कारण?
पण पाया खणला तो आमच्या पायाच्या खाली हातभर,
आणि देव्हाऱ्याच्या वर एक चीर उतरली
पालीच्या शेपटीएवढी.
दुसऱ्या दिवशी पाल.
तिसऱ्या दिवशी घोरपड.

मालक पोती उचललेला माणूस, रागही पाठीवरच घेतात.
तसेच बनियनवर गेले. म्हणाले, काम बंद.
शालन म्हणाली, मंजूर नकाशा दाखवू का?
विक्रांत म्हणाला, काका, आवाज खाली.
ज्या तोंडाने त्याने माझ्या हातचा मऊभात...
ते जाऊ दे. तेवढं मी अर्जात लिहिलं नाही.

अर्ज मीच लिहिला. अक्षर सातवी पास.
'मा. विभाग अधिकारी यांस' इथवर सोपं होतं.
पुढे मी 'शेजारी' लिहिलं.
खिडकीतला म्हणाला, बाई, 'गैरअर्जदार' लिहा.
दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं.
पोच घेतली. शिक्का निळा, जरा पुसट.

मंगळवारी त्यांचं छप्पर गेलं
आणि पहिल्यांदाच मी माझ्या भिंतीची पाठ पाहिली.
पोपटी रंग. फोडणीचे डाग.
पेन्सिलीने विक्रांतची उंची, सहावीपर्यंत.
पुढे त्याला लाज वाटायला लागली असेल.
आणि मधोमध एक खिळा, टोक पुढे काढून.
आमचा.
कॅलेंडरसाठी ह्यांनी ठोकलेला, नवीन घराच्या जोशात.
भिंत चार इंची, खिळा सहा इंची, माणूस तिशीतला.
शालनने तो कधी उलटा ठोकला नाही,
कधी बोललीसुद्धा नाही.
त्यावर तिची चहाची गाळणी टांगलेली होती.
घर गेलं तरी गाळणी तिथेच.

अतिक्रमण म्हणतात ते हे का?
विचारणार होते. ती पाठमोरी उभी होती,
सिंटेक्सच्या टाकीला हात लावून,
जशी टाकी पडणार होती.

मग घणसोलीचे मोमीन इंजिनियर आले.
दोन्ही घरचं पाणी प्यायले. म्हणाले,
भांडण पुढे करा, आधी मोजू.
चिरेवर आडवी काचेची पट्टी बसवली,
दोन टोकांना प्लॅस्टर, खाली तारीख.
"भिंत हलली तर काच तडकेल.
नाही तडकली तर झोपा."
एका वेळी चार फूटच खणायचं, टेकू लावून.
घण बंद, कटर चालेल.
मध्ये दोन इंच फट, थर्माकोल घालून.
चीर भरायचा खर्च त्यांचा, रंग आमचा.
पाचशेच्या स्टॅम्पवर सगळं उतरलं.
मालकांनी मोडीसारखी सही केली, विक्रांतने इंग्रजीत.
चहाचं कुणी कुणाला विचारलं नाही.

गाळणी मी काढून आणली होती, सिमेंटमध्ये जाऊ नये म्हणून.
घासून ठेवलीय. द्यायचीय.
अजून दिली नाही.

आज सोळावा दिवस.
चिकणे पत्र्याच्या आड राहतात, बोलणं बंदच आहे.
पण रात्री पाण्याची मोटर थांबली, गल्ली निजली,
की पत्र्यामागून शालन खाकरते
आणि कुणालाच न विचारल्यासारखं विचारते,
"काच?"

मी उठते, दिवा लावते,
देव्हाऱ्याच्या वर बघते, देवांच्या आधी.

"आहे."