शहाऐंशीचा पट्टा

जुलैत नव्वद पट्टे असतात.
रबरी, नंबर कोरलेले.
त्यात मोजे, बनियन, चड्ड्या ओवायच्या,
कडी लावायची, मशीनमध्ये ढकलायचं.
सप्टेंबर लागायच्या आत त्रेपन्न उरतात.
बाकीचे सदतीस मी कापत नाही, नुसते सोडवून ठेवतो.
पुढच्या वर्षी लागतात.

एकवीस वर्षं झाली मला ह्या तळघरात.
ओहायोत सरोवरावरून छान वारा येतो म्हणतात,
माझ्यापर्यंत येतो तो साबणाचा वास.
पोरांची तोंडं मला उशिरा ओळखू येतात,
गवत आधी.
गुडघा हिरवा, म्हणजे पोरगा मैदानात होता.
शर्टाची घडी तेवढी मोडलेली,
म्हणजे कडेला उभा होता दिवसभर,
आणि आता त्यालाही कळलंय.

शहाऐंशीचं सगळंच हिरवं.
कोपर, खांदा, कॉलरची आतली बाजू.
एकदा मोजा उलटा केला तर मूठभर माती पडली.

दुओप चुओल, नेब्रास्का.
एप्रिलमध्ये तीन दिवस नावं पुकारत होते,
अडीचशेच्या वर पोरांनी टोप्या घातल्या, आयांना मिठ्या मारल्या.
ह्याच्या घरी पातेली भरून रांधलेलं
शेजारी मंगळवारपर्यंत खात होते.
नंतर एक फोन आला, एक कागद,
आणि थोडे पैसे.
त्यात आईचे पुढचे दोन दात बसवले, म्हणाला.

ती मांसाच्या कारखान्यात, थंड खोलीत, सुरीवर.
दुओप म्हणजे वाट, असं त्यानंच सांगितलं,
टॉवेल मागायला आला होता तेव्हा.
वाटेत झालो. सीमेच्या अलीकडे की पलीकडे
ते तिला आठवत नाही.

रोज रात्री फोनवर ती एकच विचारते:
आज तरी दिला का तुला चेंडू?
देतील, म्हणतो.
तिला कसं सांगणार की त्याचं काम वेगळंच आहे.
चेंडू उडतो, डोक्यावरून जातो,
त्याच्या खालून पन्नास यार्ड धावायचं
आणि जो कोणी तो झेलेल त्याच्यावर जाऊन आदळायचं.
पुन्हा उठायचं. पुन्हा.

एकदाच हात लागला.
सरावाचा तिसरा सामना, अर्धी माणसं घरी गेलेली,
चेंडू टप्पे खात रेषेकडे निघालेला,
ह्यानं आडवं पडून दोन बोटांनी थोपवला,
वीतभर अलीकडे.
हातमोज्याच्या त्या दोन बोटांना रेषेचा पांढरा रंग होता.
मी धुऊन टाकला. माझं कामच ते.

आता ओस्ट्रोमचं सांगायला हवं.
ब्याऐंशी नंबर, वय चौतीस, डाव्या गुडघ्यात खिळे.
त्याच्या कपाटावर पितळी पाटी,
दुओपच्या कपाटावर चिकटपट्टी, त्यावर मार्करनं नाव,
तेही एक अक्षर चुकलेलं.
जागा एकच आहे हे दोघांनाही ठाऊक,
तरी जेवणानंतर ओस्ट्रोम ह्याला मागच्या भिंतीशी नेतो,
हात कुठे घालायचा, कंबर किती खाली,
पुन्हा पुन्हा करून दाखवतो.
मी विचारलं, का रे बाबा?
म्हणाला, मलाही कुणीतरी दाखवलं होतं.
कोणी, ते नाही सांगितलं.

आज मंगळवार. चारपर्यंत यादी द्यायची असते.
सकाळपासून वरचा तो माणूस जिन्यात दिसतोय,
मऊ बुटांचा, आवाज न करणारा.
खांद्यावर हात ठेवतो, म्हणतो, वही घेऊन वर ये.
काही पोरं तो दिसला की बाथरूममध्ये जाऊन बसतात,
जसं काही तो तिथं येणारच नाही.
जात्यात किती, सुपात किती, मी मोजत नाही.
सोडवलेले पट्टे मात्र खोक्यात टाकतो.
एकोणतीस झाले.

तीन वाजून पस्तीस मिनिटं.
ड्रायरच्या काचेतून दिसतंय,
शहाऐंशी आणि ब्याऐंशी एकमेकांत अडकलेत,
एकाचा मोजा दुसऱ्याच्या बाहीत,
वर जातात, धप्पकन पडतात.
बाहेर काढून सोडवायला हवेत.
फोन वाजतोय भिंतीवरचा.

अजून अकरा मिनिटं दाखवतंय मशीन.