कुळाचा रकाना

तेव्हा मी तालुका कचेरीत खिडकीपाशी बसायचे.
शेगडीत वाळलेलं शेण, शाईची बाटली बगलेत,
कारण आमच्या थंडीत शाईसुद्धा हट्टाला पेटते.
उलानबातरहून कागद आला होता:
प्रत्येकानं आपल्या कुळाचं नाव लिहावं.
सत्तर वर्षांपूर्वी असाच कागद आला होता:
कुळाचं नाव कुणीही लिहू नये.
दोन्हींवरचा शिक्का गोलच.

लोक आले, घोड्यावरून, ट्रकच्या टपावरून.
निम्म्या तालुक्याला एका आठवड्यात आठवलं
की आपण थेट मोठ्या खानाच्या वंशातले.
मी लिहून घेत गेले.
आता मेंढ्या कोण वळणार, एवढंच मनात आलं.

दुलमा आजी दाराबाहेरूनच ओरडली, "कुत्रं धरा!"
कचेरीत कुत्रं नव्हतं.
पण तसं न ओरडता कुणाच्या दारात शिरणं
तिच्या पायांना ठाऊकच नव्हतं.
नाव विसरलंय म्हणाली, खूण नाही.
माझ्या हातातली लेखणी घेऊन तिनं काढली
एक चंद्रकोर, खाली दोन रेघा.
"हे आमच्या घोड्यांच्या पुठ्ठ्यावर असायचं.
घोडा चुकला तर दहा दिवसांच्या वाटेवरचा माणूसही
आणून सोडायचा.
पोर चुकलं तरी."
बोलताना ती एकदाही 'मी' म्हणाली नाही.
'आम्ही' म्हणायची,
आणि त्या आम्हीत मेंढ्या धरलेल्या असायच्या,
मेलेला नवराही, आणि बहुधा वाराही.
चंद्रकोर रकान्याच्या बाहेर गेली.
मी खोडली नाही.

एनेबिश लोकर धुण्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं.
त्याआधी सरकारी वसतिगृहात, पाच वर्षांचा असल्यापासून.
मी नाव विचारलं तसा तो खुर्चीतून उठला,
हात विजारीच्या शिवणीला ताठ,
आणि म्हणाला, "तिसरी पाळी, सातवी रांग."
मग स्वतःशीच ओशाळला.
बराच वेळ कागदाकडे बघून
हळूच विचारलं,
"बाई, यात बरोबर उत्तर कोणतं?"
खरं सांगते, मला हसू फुटलं होतं.

इंचॉनहून परतलेला तुवशिन मात्र तयारीनं आला.
खिशात यादी, सतरा नावं, स्वतः जुळवलेली.
"दुकानाच्या पाटीवर शोभेल असं हवं.
आणि दुसऱ्या कुणाचं नसलेलं.
एकट्याचं चालतं ना?"
चालतं, मी म्हटलं. कायद्यात कुठे नाही म्हटलंय?
त्यानं अकरावं निवडलं, मग चौथं, मग पुन्हा अकरावं.
सही झाली, पावती झाली,
तरी तो गेला नाही.
शेगडीपाशी बसून राहिला कचेरी बंद होईपर्यंत,
येणाऱ्या प्रत्येकाकडे मान वळवून बघत.

नेरगुईबद्दल काय सांगू.
नेरगुई म्हणजे 'नाव नाही'.
तिच्या आधीची तिन्ही भावंडं पाळण्यात गेली, म्हणून.
मरण दाराशी आलं, विचारलं, आत कोण आहे?
आई म्हणाली, नाव नाही कुणाचं.
मरण पुढच्या तंबूकडे गेलं.
"रकाना कोराच ठेव, पोरी,
कोरी राहिले म्हणून तर सत्तरी पाहिली."
कोरा चालत नाही, मी म्हटलं.
"मग तुला काय वाटतं ते लिही,
मला मात्र सांगू नकोस."
मी लिहिलं. अजून सांगितलेलं नाही.

मार्चअखेर साहेबांनी गठ्ठे मोजले,
सुतळी आवळली, लाखेचा वास खोलीभर.
"एक कमी आहे," म्हणाले. "तुझा कुठाय?"
तो खणात होता, तळाशी, पहिल्या दिवसापासून.
आईबाप मी पाहिले नाहीत,
मला वाढवलं ती इमारत पिवळ्या रंगाची होती,
आणि तिच्यात दोनशे दहा लोखंडी खाटा.

साहेबांनी पुन्हा विचारलं.
मी उठून उभी राहिले.
खाली पाहिलं तर माझे दोन्ही हात
घागऱ्याच्या शिवणीला
ताठ.