काडीवरचं टिंब

इसोबेलनं फ्रिजवर चिकटवून ठेवली होती यादी:
बारा टोप्या, बारा झाडू, बारा बाटल्या जादूच्या काढ्याच्या,
आणि सगळ्यात खाली, मीठ संपलंय सांगावं इतक्या सहज,
बारा सरळ फांद्या, आजूबाजूच्या.

इसोबेल पर्थकडची. तिच्या माहेरी
झाडं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी असतात.
शेटलंडच्या या बेटावर झाड एकच, चर्चच्या भिंतीमागे,
तेही वाऱ्यापुढे कमरेत वाकलेलं,
आणि त्याची डहाळी मोडायची कुणाची छाती नाही.

ती आता लेरविकच्या हॉस्पिटलात अडकलेली,
ड्यूटी संपली, पण कालपासून फेरी बंद.
रॅस्मी स्वतःच त्या फेरीवर दोर टाकतो,
त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची.
उद्या ओस्लाला सात पुरी होणार
आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून.

सकाळी ओहोटीला तो किनाऱ्यावर गेला.
समुद्रानं बरंच काही आणून टाकलं होतं:
माशांच्या पेटीची फळी, तिच्यावर नॉर्वेजियन अक्षरं,
वल्ह्याची चिरफळी, कुणाच्या तरी खुर्चीच्या पाठीचे गज,
आणि मीठ पिऊन पांढरी झालेली एक मुळी
कुठल्या देशातल्या झाडाची कोण जाणे.
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात,
रॅस्मीला बारा लागत होत्या.
तासून, चिरून अकरा झाल्या. बारावी त्यानं
आईच्या विणकामाच्या पिशवीतून उपसली, न विचारता.

हॉलमध्ये तीन वाजताच दिवे लावावे लागले.
काळा कार्डबोर्ड चौथ्या टोपीला संपला,
मग कपाटातून जुने सागरी नकाशे निघाले.
ब्रेन्नाच्या कपाळावर खडक आले,
मॅन्सीच्या शेंड्यावर दीपगृह,
आणि सिनीच्या डाव्या कानावर
'येथे नांगर टाकू नये'.

झाडूंना त्यानं वाळकं हेदर बांधलं
बोटीवरच्या गाठीनं.
"उडताना सुटला तर?" ओस्लानं विचारलं.
"नाही सुटणार."
त्या दिवसभरात खात्रीनं बोललेलं
त्याचं हे एकच वाक्य.

काढा: निळा रंग, खायचा सोडा,
चिप्सवर मारतात ते व्हिनेगर.
उतू गेला. जायचाच होता.
टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून मॅन्सीच्या मोज्यात,
आणि मॅन्सी तो मोजा काढायला काही तयार होईना.

मग काड्या. मुठीपाशी दोरा गुंडाळा,
टोकाला गोंद, गोंदावर चिमूटभर चमकी,
एवढासा ठिपका, जास्त नको.
काडीवर टिंब दिलं की कांडी होते,
बाकी लाकूड तेच.

पांढरी मुळी गिबीनं घेतली.
गिबी उन्हाळ्याच्या सुट्टीपासून बोललेला नाही,
शाळेत नाही, घरी नाही, कुत्र्याशीसुद्धा नाही.
सगळे आपापले मंत्र ओरडत होते,
कुणी पादण्याचा, कुणी गणिताच्या बाईंना बेडूक करण्याचा.
गिबीनं कांडी वर, ट्यूबलाइटकडे धरली,
आणि हळूच म्हणाला, "पुरे."

दिवे गेले.
हॉलचे, दुकानाचे, धक्क्यावरचे, अख्ख्या बेटाचे.

कुणी हललं नाही.
वारा तेवढा दारावर खांदा मारत राहिला.
मग अंधारातून ब्रेन्नाचा आवाज, फार अदबीनं:
"गिबी, आता परत आण ना."

त्यानं प्रयत्न केला.
एक शब्द, मग चार, मग एक लांबलचक वाक्य,
ज्यात त्याच्या कुत्र्याचं नावही आलं.
दिवे काही आले नाहीत. केक टॉर्चच्या उजेडात कापला,
एका तुकड्यात सातमधली अर्धी मेणबत्ती गेली.
गिबी सगळ्यांना समजावत होता
की उलटा मंत्र जरा अवघड असतो.

वीज आली रात्री दहाला. खांबावर चढून
दोन माणसांनी आणली, गिबी तेव्हा झोपला होता.

सोमवारी फेरी सुटली.
इसोबेलला कठड्यावरून दिसलं:
दोर झेलणारे रॅस्मीचे हात चमकत होते,
आणि जिथे जिथे धरला तिथे तिथे दोरही.
"फांद्या मिळाल्या?" ती वाऱ्यातून ओरडली.
"बाराच्या बारा."

तिकडे त्याच्या आईकडे
एक अर्धी बाही एकाच सुईवर लटकलेली,
आणि आई घरभर शोधते आहे.