वेगमर्यादा

आठ दहाचा तास, विज्ञान भाग एक.
बाकांवर दिवसभर राबून आलेली माणसं,
कुणाच्या डब्यातून अजून लसणाचा वास.
मी फळ्यावर लिहितो: सेकंदाला तीन लाख किलोमीटर.
याच्यापुढे कुणीही जात नाही.
खाली रेघ मारतो, दोनदा. परीक्षेत हमखास येतं.

"सर," मागून वैजयंता आल्हाट.
बोहरी आळीत नाड्या, लेस, इलास्टिक विकते,
वय बेचाळीस, दहावीला दुसऱ्यांदा.
"मग परवा तुम्हीच म्हणालात ते काय?
विश्व जन्मताच फुगलं म्हणे,
उजेडाच्याही पुढे.
त्याची पावती कुणी फाडली?"

वर्ग हसतो. मी खडू फिरवत राहतो बोटांत.
खरं सांगायचं तर हे मलाही
पाठ आहे, पचलेलं नाही.

तीच पिशवीत हात घालते.
हातभर पांढरं इलास्टिक, त्यावर दोन टाचण्या.
एक टोक शेजारच्या इनामदारच्या मुठीत देते
आणि ओढते.
टाचण्या लांब जातात एकमेकींपासून.
दोघीही जिथे टोचल्या तिथेच.
"चाललं कोण? कुणीच नाही.
आमचा आधीचा मालक मापात असंच फसवायचा."

मी म्हणतो, मर्यादा कापडावरून चालणाऱ्याला.
कापडाला नाही.

"आमच्या उंड्रीचं तेच," इनामदार म्हणतो,
टोक अजून मुठीत धरून.
"घर हललं नाही, गाव महापालिकेत आलं.
बस तीच, कंडक्टर तोच,
पोचायला दर वर्षी दहा मिनिटं जास्त."
म्हणून तो रोज उशिरा येतो, हे मी
आज पहिल्यांदा ऐकून घेतलं.

घंटा झाली. सांगायचं राहिलं ते निराळंच:
त्या सुरुवातीच्या उजेडाचं पुढे काय झालं.
तो निघाला तेव्हा धगधगीत होता.
वाटेत कापड ताणत गेलं, तोही ताणत गेला,
लाल झाला, मग डोळ्यांना दिसेनासा,
आता नुसती ऊब उरलीय, अगदी शून्याला टेकलेली.
तरी येतोय. सगळ्या दिशांनी सारखाच,
अलका चौकातल्या सिग्नलवर
नव्वद, एकोणनव्वद मोजत उभ्या माझ्या
हेल्मेटवर,
खाली मुठेच्या काळ्या पाण्यावर,
उंड्रीच्या बसच्या टपावर.
आणि काही ठिकाणांहून निघालेला
कधीच पोचणार नाही. त्याला मी काय लावू,
गैरहजर?

इलास्टिक माझ्या टेबलावर विसरली ती.
मी खिशात घालून आणलंय, टाचण्यांसकट.
सिग्नलला ताणून बघतो. सोडलं की आखडतं.
विश्व तसं आखडत नाही, निदान आजवर नाही.
हे उद्या तिला सांगायला हवं,
नाहीतर पेपरात तसंच लिहील.