पालचा फेरा, शिसपेन्सिलीनं

केळीच्या काटापट्टीची मागची बाजू कोरी असते.
तिच्यावर आधी सावदा काढलं, एक ठिपका.
मग खिरोदा, मग वरती सातपुडा,
पोरं काढतात तसा, करवतीच्या दात्यांचा,
आणि दात्यांच्या मधे कुठंतरी पाल.
तिथून उतार कुसुंब्याला, खाली रावेर,
रावेरहून हमरस्ता, दोन्ही बाजूंनी केळी, घर.
ऐंशीच्या वर किलोमीटर.
कागदावर चार बोटं भरली.

प्रश्न एकच उरला : उलटं की सुलटं.

खिरोद्याकडून गेलं तर घाट एकदम छातीवर येतो,
पाय तापायच्या आत.
कुसुंब्याकडून गेलं तर फसवत फसवत नेतो.
रस्ता सपाट दिसतो आणि सायकल पुढं सरकत नाही.
उतरून पाहावं, ब्रेक तर घासत नाही ना.
ब्रेक घासत नसतो.

मोबाईलनं चढाचा आलेख काढला,
बसलेल्या उंटासारखा.
रुबाब तडवीला दाखवला, तो रोज पहाटे
पालहून दुधाचे कॅन खाली आणतो
आणि रिकामे घेऊन वर जातो.
त्यानं उंटाच्या मानेवर बोट ठेवलं :
‘इथं मी दुसरा टाकतो. इथं पहिला.
आणि इथं रेडिओ बंद करतो.’

लिहून घेतलं :
तिसरं वळण. रेडिओ बंद.

सुलटं गेलं तर चढ गारव्यात उरकतो,
पण रावेरच्या रस्त्यावर लागताना दुपार,
आणि दुपारी भरलेले ट्रक निघालेले असतात,
रस्त्यावर पानांचा चोथा, चाक ठरत नाही.
उलटं गेलं तर रावेर अंधारात निघून जातं,
पण घाटात ऊन डोक्यावर येतं,
आणि माघात सागाच्या सावलीचा भरवसा धरू नये,
पानं खाली पडलेली असतात, पापडासारखी.
पालच्या शाळेजवळची हापशी चालू आहे का?
तिच्यापुढं प्रश्नचिन्ह केलं.
रुबाब म्हणाला, चालू आहे, पण दम लागतो.
प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं.

हेमकांत बोंडेचा गुडघा मागच्या दिवाळीत उघडून शिवलाय.
त्याचं मत मी विचारलं नव्हतं :
‘सायकलीवर काही होत नाही भो,
उतरून चालायला लागलं का दुखतं.’
मग?
‘मग काय, उतरायचं नाही.’

बावीस वर्षं काट्यावर बसतो मी.
घड नुसता उचललेला पाहिला तरी वजन सांगतो,
चुकलो तर पाव-अर्ध्या किलोनं.
दर क्विंटलमागं दांड्याची कटती धरायची, ठरलेली आहे,
त्यावर कुणी भांडत नाही.
पन्नाशीमागं किती धरायची,
हे कुठल्या वहीत नाही.
चढावर मी निव्वळ किती भरेन,
ते त्या तिसऱ्या वळणालाच माहीत.

ज्योत्स्ना दळण ठेवून आली, कागद पाहिला.
‘वर काय आहे?’
काही नाही. थंड हवा. चहाच्या दोन टपऱ्या.
‘मग तिथं जाऊन काय करायचं?’
परत यायचं.
‘त्याच रस्त्यानं?’
नाही ना, दुसऱ्या.
ती जरा थांबली. बोट फिरवलं
सावद्यापासून सावद्यापर्यंत.
‘चाळीसवर फोन करा,’ म्हणाली,
‘तिथून पुढं मागं फिरण्यात अर्थ नाही म्हणून.’

तिनं सहज सांगितलं, हिशेबाचं सांगितलं.
मी बाण काढला, खोडला,
दुसऱ्या बाजूनं काढला, खोडला.
खोडून खोडून पालपाशी कागद झिजला,
पलीकडच्या पट्टीवरचे आकडे दिसायला लागले,
कुणाच्या तरी केळीचे,
उलटे.

साडेदहा वाजलेत. पहाटे चारचा गजर लावलाय.
हेमकांतला विचारलं तर म्हणतो,
चौकात उभं राहून ठरवू, वारा पाहून.
बाण अजून काढलेला नाही.
ट्यूब मात्र दोन लागतात, कुठूनही गेलं तरी.
त्या बांधल्या.
पंप बांधला. गूळ-शेंगदाणे, मिठाची पुडी.
केळी घेतली नाहीत.